बाबांचे पत्ते

१० एप्रिल २०१४, गुरुवार

सकाळी भेंडी चिरत असताना नम्रताचा फोन आला. पूर्वी हिंजवडीत आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तिने नोकरी सोडली ती खराडीत स्वतःची कंपनी काढायला, मी सोडली ती माझ्या मुलीच्या, मित्राच्या जन्माच्या वेळी. आता मित्रा पहिलीत आहे आणि नम्रताकडे सहा माणसं आहेत.

तिला पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिणारं कुणीतरी हवंय. पण इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला नुसतं मैत्रीखातर घेतलं तर बाकीचे बोलतील, म्हणून आधी एक काम करून दाखव म्हणाली. मार्केट यार्डातले रोजचे भाजीचे भाव घ्यायचे, नीट लावायचे आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर मराठीत पाठवायचे. मेअखेरपर्यंत. जमलं तर शाळा सुरू होतील त्या सोमवारपासून ऑफिसला ये.

मी हो म्हणाले. हे दुसरं कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

घरात लॅपटॉप एकच, माझ्या नोकरीच्या दिवसांतला. त्यावर विंडोज एक्सपी, आणि त्याला कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं परवाच बंद झालं. नवीन विंडोज या म्हाताऱ्या मशीनला झेपणार नाही. म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स, फुकट मिळणारं. कुठलं टाकू, असं नम्रताला विचारलं तर म्हणाली, कुठलंही टाक आणि कामाला लाग.

कुठलंही म्हणजे काय? आतलं यंत्र सगळ्यांचं एकच, पण वेगवेगळ्या मंडळींनी ते आपापल्या परीने बांधून, सजवून दिलंय, आणि असे डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. दुपारभर वाचत बसले. जो तो आपलंच खरं म्हणतो. माझ्यासारखीच्या मशीनवर काय चालेल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

उबुंटू टाकलं. माझ्या नवऱ्याने, प्रज्ञेशने आधी सगळे फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि भोसरीला कामावर गेला. दिसायला देखणं आहे, पण मशीन धापा टाकतंय. एक खिडकी उघडली की चहा टाकून यावा.

बाबा मागे उभे राहून सगळं पाहत होते. बाबा म्हणजे प्रज्ञेशचे वडील. अकोल्याहून तरुणपणी पुण्यात आले ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, पुणे स्टेशनवर पत्रं निवडायला. नोकरीभर तेच केलं. आई गेल्यापासून ते दुपारी लॅपटॉपवर पत्ते खेळतात, एकट्याने लावायचा डाव. लाल पानावर काळं, काळ्यावर लाल.

आज जेवण झाल्यावर बसले आणि विचारलं, पत्ते कुठे गेले. उबुंटूत ते वेगळ्या नावाने वेगळ्या कोपऱ्यात असतात. मी दाखवले.

"जन्मभर लोकांचे पत्ते शोधून दिले," बाबा म्हणाले. "आता माझे शोधायला माणूस लागतंय."

मला हसू आलं. अकोल्याचा माणूस, पण पेठेतल्यांना टोमण्यांची शिकवणी देईल.

२१ एप्रिल, सोमवार

चौदा तारखेच्या जयंतीची गडबड, पाहुणे, मग मित्राला उन्हाळ्यासाठी अकोल्याला आत्याकडे पाठवायची तयारी. आज कुठे घर रिकामं झालं.

उबुंटू काढून लुबुंटू टाकलं. नवीन आवृत्ती गेल्याच आठवड्यात आलीय. हे हलकं आहे, पळतं. पण अक्षरं मला आवडली नाहीत. जोडाक्षरं चिकटतात, 'र्‍या' तुटक दिसतो. मराठीत संदेश पाठवायचेत आणि मलाच मराठी नीट दिसत नसेल तर काय उपयोग? फॉन्ट बदलून पाहिले. त्यातच दिवस गेला.

बाबांनी पुन्हा विचारलं, पत्ते कुठे. या डिस्ट्रोत पानं बारीक आहेत. म्हणाले, राजा आणि गुलाम सारखेच दिसतात, लोकशाही आलेली दिसते.

नम्रताच्या कामाची फाइल उघडून ठेवलीय. तिच्यात अजून एक ओळ नाही.

२७ एप्रिल, रविवार

बाबा रविवारी बसने मार्केट यार्डात जातात. आई होती तेव्हापासूनची सवय. घाऊक बाजारातून शेवगा, आलं, लिंबं आणायची आणि अर्धी शेजारपाजारी वाटायची. आज दुपार उलटून गेली तरी आले नाहीत. आले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला आणि हातात पिशवी नाही.

मी विचारलं तर म्हणाले, बसचा थांबा हलवलाय, उलट्या दिशेला गेलो. खरंच असेल. नगर रोडला रोज कुठेतरी खणून ठेवलेलं असतं, मागच्या आठवड्यात मलाच बँकेचं फाटक सापडेना. पिशवीचं विचारलं तर म्हणाले, पिशवीला पाय फुटले.

मी त्यांना जास्त छेडलं नाही. डोक्यात फेडोरा या पुढच्या डिस्ट्रोचं चाललं होतं.

२ मे, शुक्रवार

फेडोरा टाकलं. प्रोग्रामिंग करणारे लोक हेच वापरतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. सगळं ताजं मिळतं. पायथॉनही ताजा. पण माझ्या मशीनचं वायफाय कार्ड जुनं आणि हट्टी. तारेने नेट जोडून, आज्ञा देऊन देऊन ते सुरू केलं तोवर चार वाजले.

नम्रताचा फोन. काम कुठवर आलं विचारलं. मी तिला फेडोरा आणि उबुंटू यांच्यातला फरक सांगू लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्रपाली, मी डिस्ट्रो विकत घेत नाहीये."

तिला काय जातं बोलायला. तिच्याकडे नवीन मशीन आहे. पायाच धड नसेल तर मी घर कसं बांधणार? एकदा मनासारखं बसलं की काम भराभरा होईल. मला माझी खात्री आहे. निदान पूर्वी होती.

बाबांना पत्ते पुन्हा शोधून दिले. मी रोज घरातली भांडी हलवावीत तसं हे झालंय, त्यांना तरी कसं सापडावं. मलाच वाईट वाटलं.

६ मे, मंगळवार

आज आर्च टाकायला घेतलं. यात तयार काही मिळत नाही. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा लिहून सगळं आपल्या हाताने उभं करायचं. मला ते हवंहवंसं वाटलं. हे जमलं तर मी अजून इंजिनियर आहे.

त्या नादात दूध उतू गेलं. बाबांनी चहाला ठेवलं होतं, ते म्हणतात तू ठेवलंस. असेल. मग गॅसचा वास आला, शेगडी विझून बटण तसंच चालू. खिडक्या उघडल्या. प्रज्ञेश संध्याकाळी बरंच बोलला. घरात म्हातारा माणूस आहे, आणि तू त्या डबड्यात डोकं घालून बसतेस. बाबा मध्ये पडले नाहीत, पेपर वाचत राहिले. पेपर कालचा होता.

चूक माझीच होती.

९ मे, शुक्रवार

आर्च उठत नाही. काळा पडदा आणि डावीकडे एक लुकलुकणारी रेघ. नेमकं काय चुकलं ते शोधायला दुसरं मशीन हवं, ते नाही. प्रज्ञेशच्या मोबाइलवर वाचत बसले.

दुपारी बाथरूममधून आले तर बाबा त्या काळ्या पडद्यासमोर बसलेले. हात कळफलकावर ठेवून, गप्प. बराच वेळ तसेच बसले असावेत. मी म्हणाले, बाबा, आज पत्ते नाहीत, मशीन बिघडलंय.

"बिघडलंय का?" असं म्हणून ते उठले. मला वाटलं चिडतील. उलट त्यांना सुटल्यासारखं झालेलं दिसलं. बहुतेक त्यांनाही खेळायचा कंटाळा आला असावा.

१३ मे, मंगळवार

नम्रताने भेटायला बोलावलं. तिच्या ऑफिसात सगळी पोरं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिने कॉफी दिली आणि विचारलं की मी घाबरलेय का. मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, ठीक आहे, मग महिन्याच्या शेवटी भेटू, आता मध्ये फोन करणार नाही.

परत येताना बसमध्ये स्वतःला विचारलं. घाबरलेय का? हो. लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही तर? डिस्ट्रो बदलत राहिलं की निदान तो प्रश्न पुढे जातो.

घरी आल्यावर डेबियन टाकलं. जुनं, संथ, कुणी फारसं कौतुक न करणारं. त्यातली प्रत्येक गोष्ट वर्षभरापूर्वीची. पण ते पहिल्या झटक्यात उठलं, मराठी नीट दिसलं आणि पंखाही गप्प बसला. पत्त्यांचं चित्र पडद्याच्या मधोमध आणून ठेवलं, खाली मोठ्या अक्षरांत 'पत्ते'. आता काम होईपर्यंत काही बदलायचं नाही. प्रज्ञेशसमोर तसं म्हटलं. तो म्हणाला, लिहून दे.

१५ मे, गुरुवार

काल बुद्धपौर्णिमा. विहारात दरवर्षी बाबाच वंदना सांगतात. काल पंचशीलातल्या तिसऱ्या शीलावर थांबले. लोकांना वाटलं मुद्दाम थांबलेत. मग सगळ्यांनी मिळून पुढचं म्हटलं आणि बाबांनी सूर मिळवला. घरी येताना म्हणाले, घसा कोरडा पडला होता. उकाडा आहेच.

कामाच्या पन्नासेक ओळी झाल्या. गवार आणि घेवडा यांची नावं यादीत रोज वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात, ती एकत्र आणायला डोकं चालवावं लागतं. चाललं. हे लिहिताना मला हसू येतंय.

१७ मे, शनिवार

काल निवडणुकीचे निकाल. बाबा दिवसभर टीव्हीसमोर. मी आतल्या खोलीत काम करत बसले, कुणाचंच लक्ष नव्हतं, छान झालं.

आज दुपारी बाबांनी विचारलं, पत्ते कुठे गेले.

मी म्हणाले, बाबा, मी काही बदललेलं नाही, समोरच आहेत.

"मग मी बदललो असेन," ते म्हणाले.

रात्री प्रज्ञेशला सांगितलं तर तोही हसला. बाबांची जीभ अजून तशीच आहे.

२० मे, मंगळवार

पत्ते कुठे गेले. आजही विचारलं. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मान हलवली, एक डाव लावला, उठून पाणी प्यायला गेले आणि परत येऊन पुन्हा तेच विचारलं.

२२ मे, गुरुवार

मी एका आठवड्यात काहीही बदललेलं नाही.

आज ते बसले होते तेव्हा मी दारातून पाहत राहिले. चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, अक्षरं मोठी होती. ते सगळीकडे शोधत होते. मग एकदा दाराकडे पाहिलं, मी दिसते का ते. मी आत सरकले. का सरकले कळत नाही.

पिशवी, दूध, गॅस, कालचा पेपर. मी इथे मागची पानं वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी लिनक्स आलंय.

काम आज झालं नाही.

२४ मे, शनिवार

कचरूकाका आले. बाबांचे नोकरीतले सोबती, कसबा पेठेत राहतात. बाबा दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जातात. बाबा आंघोळीला गेल्यावर काका स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनाच कसंतरी होत होतं.

म्हणाले, मागच्या खेपेला तुझ्या सासऱ्याने मला विचारलं, वहिनी दिसत नाहीत, माहेरी गेल्या का? काकूंना जाऊन दीड वर्ष झालंय. बाबांनी स्वतः तिरडीला खांदा दिलाय.

"मी म्हटलं, हो, माहेरी गेलीय," काका म्हणाले. "काय सांगणार? पुन्हा रडला असता."

बाबा बाहेर आले तर दोघं काही झालंच नसल्यासारखे गप्पा मारत बसले. पुणे स्टेशन, मेलगाडीचा डबा, धावत्या गाडीत पत्रं लावताना खिडकीतून उडालेला मनीऑर्डरचा गठ्ठा. सगळं बारीकसारीक आठवतंय बाबांना. मी चहा देताना वाटलं, मी उगीच घाबरले. मग त्यांनी मला विचारलं, मित्रा शाळेतून आली का. मित्रा महिनाभर अकोल्यात आहे. काल फोनवर बोललेत तिच्याशी.

२५ मे, रविवार

प्रज्ञेशला सांगितलं. तो ऐकूनच घेईना. म्हणाला, सत्तरीच्या माणसाला इतकं विसरायला होतंच. मलाही होतं. तू घरात रोज नवीन काहीतरी करून ठेवतेस, त्यांचा गोंधळ उडतो.

मी म्हणाले, बारा दिवस तेच आहे.

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आई गेली तेव्हाही असाच उभा होता. मी मागे गेले नाही. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, गुरुवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा डॉक्टरकडे जाऊ. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव.

२९ मे, गुरुवार

बाबांना रक्तदाबाचं निमित्त सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं खोटं त्यांना कळलं असावं. तरी कपडे करून निघाले.

डॉक्टर बाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. बाबा म्हणाले, तुमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, ते काय शोभेला लावलंय? पंतप्रधान कोण? "तुम्ही पेपर वाचत नाही का? परवापर्यंत वेगळेच होते. आता तुम्हीच सांगा." आम्ही तिघं हसलो. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच मऊपणे विचारला. आणि थांबल्या.

बाबांकडे दुसरा टोमणा नव्हता. ते हातातल्या चष्म्याच्या घराशी खेळत राहिले. प्रज्ञेश माझ्या शेजारी बसला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग डॉक्टरांनी बाबांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. सगळे आकडे एका बाजूला आले.

अकोल्याचा पिनकोड मात्र विचारल्याबरोबर सांगितला. आमच्या येरवड्याचाही. न विचारता आणखी दहा-बारा गावांचे.

स्कॅन करायचा आहे. गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टर म्हणाल्या, घरातल्या वस्तू हलवू नका. रोजचं रोज तसंच राहू द्या.

३१ मे, शनिवार

काम पाठवलं. पहाटे उठून संपवलं. चांगलं झालंय, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

५ जून, गुरुवार

नम्रताचा फोन. काम पसंत आहे. सोळा तारखेपासून ये. मी विचारलं, घरून करता येईल का. ती म्हणाली, पहिलं वर्ष नाही, नवी माणसं एकत्र बसल्याशिवाय माझं जमत नाही. दिवसभर नको, सकाळचा अर्धा वेळ चालेल. पण ये.

प्रज्ञेशची आज सुट्टी. त्याला सांगितलं. तो म्हणाला, चांगलं झालं. मग म्हणाला, पण आता कसं जमणार? तू तर घरीच असतेस.

म्हणजे घरी असणं हेच माझं काम आहे, आणि ते आधीच मला दिलेलं आहे. मी त्याला म्हणाले की बाबा तुझे आहेत तितकेच माझे आहेत, म्हणून तुझ्याइतकंच मी करीन. तेवढंच. त्याने विचारलं, म्हणजे काय? मी म्हणाले, म्हणजे काय ते तू ठरव, डॉक्टरकडे नेताना बाबांना काय सांगायचं ते मी ठरवलं होतं.

जेवताना कुणी बोललं नाही. बाबा म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे आणि घरात जास्त आहे.

८ जून, रविवार

मित्रा परत आली आणि शेजारी खेळायला पळाली. प्रज्ञेश कामावर. दुपारी बाबा पत्ते खेळत होते. मी कोथिंबीर निवडत शेजारी बसले होते. आजचा दिवस चांगला होता, त्यांनी पत्ते आपले आपण उघडले होते. खेळता खेळता, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"डॉक्टरीण काय म्हणाली ते मला ठाऊक आहे. मला दिवाळीपासून ठाऊक आहे."

मी त्यांच्याकडे वळले.

"तू रोज मशीन बदलायचीस ना, ते मला बरं होतं. सापडलं नाही तर तूच म्हणायचीस, बाबा, मी बदललंय. मला काही बोलावं लागायचं नाही. मग तू बदलायचं थांबलीस."

मी म्हणाले, बाबा, मला कळलंच नाही.

"कळू नये म्हणूनच चाललं होतं ते," ते म्हणाले. काळ्या दश्शीवर लाल नव्वी ठेवली. "त्या दिवशी मशीन साफ बंद पडलं. मला वाटलं, झालं, आता कुणी विचारणार नाही."

मी विचारलं, पुन्हा बदलू का. का विचारलं कोण जाणे. वेड्यासारखं होतं ते. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, नको, आता सगळ्यांना कळलंय. आता सापडलेलं बरं.

मी कोथिंबीर तशीच टाकून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

११ जून, बुधवार

प्रज्ञेशने कंपनीत कायमची दुसरी पाळी मागून घेतली. मला न विचारता, न सांगता. आज आल्यावर बूट काढता काढता म्हणाला. सकाळी तो घरी, दुपारी मी आले की तो निघणार, रात्री उशिरा येणार. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. आम्ही दोघं कधी भेटणार, हे दोघांच्याही मनात आलं. सुपरवायझरची बढती दिवसपाळीलाच मिळते, तेही मला माहीत आहे.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे मला पाळ्यांमध्ये वाटून घेतलंत. मग म्हणाले, आमच्या खात्यातही पाळ्याच होत्या. टपाल कधी थांबलं नाही.

मी प्रज्ञेशला लॅपटॉपपुढे बसवलं. कुठलं बटण, कुठलं चित्र, डाव अडकला तर काय करायचं. त्याने सगळं नीट विचारून घेतलं. त्याला हा डाव येतच नाही, हे मला आज कळलं.

१६ जून, सोमवार

पहिला दिवस. नम्रताने ऑफिसचा लॅपटॉप दिला. बसले आणि लिहायला लागले. त्यावर कुठलं लिनक्स आहे हे पाहायचं राहूनच गेलं, निघताना लक्षात आलं. शेजारच्या मुलाने मला मॅडम म्हटलं, मी सांगितलं आम्रपाली म्हण. भाव पहाटे येतात आणि कांद्याच्या ओळीत रोज काहीतरी गडबड असते, ती माझ्याकडे आलीय. डोकं दुखतंय. छान दुखतंय.

घरी आले तेव्हा प्रज्ञेश डबा घेऊन दारातच उभा होता. बाबा जेवलेत, गोळी दिलीय, एवढं सांगून जिना उतरला. खालून त्याने वर पाहिलं. मी हात केला.

बाबा पत्ते खेळत होते. म्हणाले, प्रज्ञेश लालवर लाल लावायला बघतो, असल्या माणसाला कंपनीत कसं ठेवलंय. मग माझ्या खांद्यावरची बॅग पाहून विचारलं, तू कुठे गेली होतीस?

मी म्हणाले, ऑफिसला. मला नोकरी लागली, बाबा.

त्यांनी हातातलं सोडलं, वळून बसले. चेहरा उजळला. "लागलीस पुन्हा? बरं केलंस. फार बरं केलंस. इतकी शिकलेली पोरगी तू."

मी हातपाय धुतले, चहा टाकला, दोन कप घेऊन बाहेर आले. त्यांनी कप घेतला, बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, तू कुठे गेली होतीस?

मी समोर बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. ऑफिसला, बाबा. मला नोकरी लागली.

आणि त्यांना पुन्हा तितकाच आनंद झाला.